साडेसात हजार किलोमीटरांवरचा एकच मित्र: अल्बेनिया आणि चीन, 1961 ते 1978

पार्श्वभूमी

1960 साली अल्बेनियाची लोकसंख्या जेमतेम 16 लाख होती आणि चीनची 65 कोटींच्या घरात. एक देश एड्रियाटिक समुद्राच्या काठी डोंगरांत दडलेला, दुसरा आशियाच्या पार त्या टोकाला. तिराना ते बीजिंग हे अंतर साडेसात हजार किलोमीटरांहून जास्त. दोघांमध्ये सरहद्द नाही, भाषेचं नातं नाही, जुना व्यापारही नाही. राजनैतिक संबंध 1949 च्या नोव्हेंबरात जुळले होते, पण पहिली दहा-अकरा वर्षं त्यांत फारसा जीव नव्हता. असं असूनही 1961 पासून पुढे दशकभराहून अधिक काळ हे दोन देश एकमेकांना जगातला सर्वांत जवळचा मित्र म्हणवत राहिले. ही मैत्री कशी जमली, कशावर टिकली आणि कोणत्या वळणावर तुटली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. सर्वोच्च नेत्यांखेरीज कोणाचंही नाव घेतलेलं नाही. राजदूत, मंत्री, तंत्रज्ञ यांच्या बाबतीत पदाचा उल्लेख पुरेसा आहे.

अल्बेनियाला आधाराशिवाय उभं राहण्याची सवय नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिला आधार युगोस्लाव्हियाचा होता. तो इतका घट्ट होता की आपला देश त्यात विरघळून जाईल अशी भीती तिरानातल्या नेत्यांना वाटू लागली. 1948 मध्ये सोव्हिएत संघाचे स्टालिन आणि युगोस्लाव्हियाचे टिटो यांचं फाटलं, तेव्हा अल्बेनियाच्या कम्युनिस्ट राजवटीचे प्रमुख एन्वर होजांनी सुटकेचा निःश्वास टाकून मॉस्कोची बाजू घेतली. 1955 मध्ये सोव्हिएत गोटाच्या लष्करी युतीच्या, म्हणजे वॉर्सा करारावर सही करणाऱ्यांत अल्बेनियाही होता. पण त्याच वर्षी नवे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह बेलग्रेडला जाऊन टिटोंशी समेट करून आले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्टालिनवर टीका केली. होजांची सत्ता दोन गोष्टींवर उभी होती, स्टालिनची प्रतिमा आणि टिटोंचं वैर. दोन्हींना मॉस्कोतूनच सुरुंग लागला.

चीनची कोंडी वेगळी होती. अमेरिकेचे निर्बंध 1950 पासून होते. संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा तैवानमधल्या, तैपेईतल्या सरकारकडे होती. मॉस्कोशी असलेला वैचारिक वाद 1960 च्या उन्हाळ्यात उघडा पडला आणि सोव्हिएत संघाने हजाराहून अधिक तज्ज्ञ एकदम परत बोलावले. पूर्व युरोपातला एकही कम्युनिस्ट पक्ष आपल्या बाजूने बोलत नाही, हे शल्य बीजिंगला होतं.

पेच

जून 1960 मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत ख्रुश्चेव्ह यांनी चीनविरुद्ध आघाडी उघडली. अल्बेनियाच्या प्रतिनिधीने त्यात सामील व्हायला नकार दिला. त्या वर्षी अल्बेनियात दुष्काळ होता आणि धान्य सोव्हिएत संघाकडून यायचं होतं. नोव्हेंबरात मॉस्कोला 81 कम्युनिस्ट पक्षांची परिषद भरली. तिथे होजांनी भर सभेत हिशेब मांडला: 50,000 टन धान्य मागितलं, 45 दिवस वाट पाहिली आणि मंजूर झालं 10,000 टन, म्हणजे पंधरा दिवसांची भाकरी. आकडे होजांचे आहेत, पण धान्याचा वापर दबावासाठी झाला याबद्दल फारसा वाद नाही.

1961 च्या वसंतात व्लोराजवळच्या पाशालिमान तळावर पाणबुड्यांवरून भांडण पेटलं. तळावर 12 पाणबुड्या होत्या. सोव्हिएत नौदल आठ घेऊन गेलं, चार अल्बेनियाने ठेवून घेतल्या. ऑक्टोबरात ख्रुश्चेव्ह यांनी सोव्हिएत पक्षाच्या 22 व्या अधिवेशनात अल्बेनियावर उघड हल्ला चढवला. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय तिथे हजर होते. त्यांनी या प्रकाराला हरकत घेतली, स्टालिनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिलं आणि अधिवेशन संपण्याआधीच मायदेशी निघून गेले. डिसेंबरात मॉस्कोने तिरानाशी राजनैतिक संबंध तोडले.

आता युगोस्लाव्हिया आणि ग्रीस या दोन्ही शेजाऱ्यांकडून अल्बेनियाला धोका वाटत होता, जुना पालक शत्रू झाला होता आणि कोठारं रिकामी होती.

समोरचे पर्याय

मॉस्कोपुढे मान तुकवणं हा पहिला पर्याय. देशाच्या दृष्टीने तो कदाचित सर्वांत स्वस्त होता, पण होजांच्या दृष्टीने सर्वांत महाग, कारण मॉस्कोला पक्षात दुसरं नेतृत्व हवं होतं. नेतृत्वातल्या सोव्हिएतधार्जिण्या मंडळींना 1960 मध्येच पक्षातून काढण्यात आलं होतं. देशाचं हित आणि नेत्याची खुर्ची हे दोन हिशेब इथे वेगळे होतात. पुढच्या प्रत्येक वळणावर हे लक्षात ठेवायला हवं.

युगोस्लाव्हियाकडे परतण्याचा विचारही अशक्य होता. पश्चिमेकडचं दार पूर्ण बंद नव्हतं. इटली आणि फ्रान्सशी संबंध होते. पण अमेरिका आणि ब्रिटनशी ते नव्हते. या दोन देशांनी 1949 नंतर काही वर्षं सशस्त्र माणसं चोरून उतरवून होजांची राजवट उलथवायचा प्रयत्न केला होता, तो घाव ताजा होता. ग्रीससोबत तर 1940 पासूनची युद्धस्थिती कागदोपत्री अजून संपलेली नव्हती. इटलीशी व्यापार वाढवता आला असता, पण कर्जावर पोलादाचे कारखाने आणि तोफा देण्याइतकी उत्सुकता तिथे कोणाला नव्हती.

उरला चीन. तो दूर होता हीच त्याची जमेची बाजू होती. एवढ्या लांबून कोणी अल्बेनिया गिळंकृत करू शकत नव्हतं. माझ्या मते 1961 मध्ये अल्बेनियाने केलेली निवड चुकीची नव्हती. भुकेला देश ज्याच्याकडे धान्य आहे त्याच्याकडे जातो.

पण चीनकडे तरी धान्य होतं का? 1959 ते 1961 या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. सरकार त्या वेळी परकी चलन मोजून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडून गहू आणत होतं. त्यातलीच काही जहाजं वाटेतून वळवून अल्बेनियाच्या बंदरांकडे पाठवण्यात आली. या प्रकरणाचा अभ्यास करताना मी या प्रसंगापाशी दर वेळी थांबतो. भर समुद्रात कप्तानाला संदेश मिळतो आणि जहाज दिशा बदलतं. तो गहू ज्या घरांसाठी निघाला होता तिथे तो कधीच पोचला नाही, आणि त्या घरांना कोणी विचारलंही नाही. तिरानात या गव्हाकडे मैत्रीचा पुरावा म्हणून पाहिलं गेलं आणि ते खोटंही नव्हतं. मात्र त्याची किंमत चिनी शेतकऱ्याने चुकती केली.

बीजिंगने हे का केलं? त्याला युरोपात एक साक्षीदार हवा होता. मॉस्कोशी असलेलं भांडण हे चीनचं एकट्याचं नाही, खुद्द युरोपातला एक सत्ताधारी पक्षही आपल्यासारखंच म्हणतो, हे दाखवायचं होतं. शिवाय संयुक्त राष्ट्रांत आपल्या वतीने उभा राहणारा सदस्य हवा होता. चीन स्वतः तिथे नव्हता आणि अल्बेनिया 1955 पासून सदस्य होता.

काय केलं गेलं

1961 च्या वसंतात मोठं कर्ज आणि सुमारे 25 औद्योगिक प्रकल्पांचा करार झाला. संयुक्त जहाज कंपनी निघाली. चौ एन-लाय तीन वेळा अल्बेनियाला गेले: 1963 च्या अखेरीस, 1965 मध्ये आणि 1966 मध्ये. कापड गिरण्या, खत कारखाने, एल्बासानचा पोलाद कारखाना आणि ड्रिन नदीवरची जलविद्युत केंद्रं चिनी यंत्रं आणि चिनी तंत्रज्ञ यांच्या बळावर उभी राहू लागली. वाऊ इ देयेस इथल्या वीजकेंद्राला आणि बेरातच्या कापड कारखान्याला माओंचं नाव देण्यात आलं. लढाऊ विमानं आणि तोफाही आल्या. 1966 मध्ये माओंनी अल्बेनियाच्या पक्ष अधिवेशनाला संदेश पाठवला. त्यात जिवलग कितीही दूर असला तरी शेजारीच वाटतो, अशा अर्थाची तांग काळातली एक ओळ होती. ती चीनमध्ये भिंतीभिंतींवर लिहिली गेली.

अल्बेनियानेही आपल्या बाजूने शब्द पाळला. चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळावी म्हणून त्याचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं ठराव मांडत राहिले आणि ठराव पडत राहिला. 1970 मध्ये बाजूने 51 आणि विरोधात 49 मतं पडली, पण विषय 'महत्त्वाचा' ठरवलेला असल्याने दोन तृतीयांश मतं लागत होती. तेही फसलं. पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आला.

मदतीत एक दुखणं आतून वाढत होतं. 1969 मध्ये तिरानाला आलेल्या चिनी राजदूताने जे पाहिलं त्याने तो अस्वस्थ झाला. रस्त्याकडेचे तारांचे खांब चीनने पाठवलेल्या उत्तम प्रतीच्या पोलादी नळ्यांचे होते. सिमेंट स्मारकांत ओतलं जात होतं. खतांचे ढीग शेतात उन्हापावसात पडून होते. 1954 पासूनची मदत जवळजवळ 900 कोटी युआन होते आणि अल्बेनियाच्या दर माणशी ती 4,000 युआनच्या वर जाते, असा हिशेब त्याने मांडला. सामान्य चिनी माणसाच्या वर्षभराच्या कमाईच्या ती कितीतरी पट होती. त्याने हे बीजिंगला कळवलं आणि खरं बोलल्याबद्दल माओंनी त्याचं कौतुक केलं. पण मदतीची पद्धत बदलली नाही.

ती का बदलली नाही? देणाऱ्याने हिशेब मागितला असता तर 'तूही मॉस्कोसारखाच' असं ऐकून घ्यावं लागलं असतं. घेणाऱ्याने कमी मागितलं असतं तर पुढच्या वेळी मिळालंच असतं याची खात्री नव्हती. दोघांनाही एकमेकांखेरीज कोणी नव्हतं, म्हणून कोणीच कोणाला टोकत नव्हतं. नळ्या खांब होऊन उभ्या राहिल्या त्या या मुकाट्यामुळे.

निर्णयाचे क्षण

पहिला क्षण 1968 च्या शरदातला. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि 13 सप्टेंबरला अल्बेनिया वॉर्सा करारातून औपचारिकपणे बाहेर पडला. त्यानंतर संरक्षणमंत्री बीजिंगला गेले. चौ एन-लाय यांनी त्यांना सांगितलं की इतक्या लांबून चीन तुमचं रक्षण करू शकणार नाही, युगोस्लाव्हिया आणि रुमानियाशी लष्करी समझोता करा. ही हकिगत अल्बेनियाने 1978 मध्ये स्वतःच जाहीर केली, आणि ती विश्वासघाताचा पुरावा म्हणून. मला ती या संपूर्ण काळातली सर्वांत प्रामाणिक सूचना वाटते. मित्राने आपली मर्यादा तोंडावर सांगितली होती. होजांनी तो सल्ला धुडकावला. टिटोंशी लष्करी हातमिळवणी त्यांना पटणारी नव्हती, हे समजण्यासारखं आहे. पण सल्ल्यामागची माहिती, म्हणजे संकटात चीन येणार नाही, ती तरी वापरायला हवी होती.

थोडी वापरली गेलीही. 1971 मध्ये युगोस्लाव्हियाशी राजदूतांची देवाणघेवाण झाली आणि ग्रीसशी राजनैतिक संबंध जुळले. मात्र पैसा, यंत्रं, सुटे भाग आणि शस्त्रं यांसाठी सगळा भार चीनवरच राहिला.

दुसरा क्षण 1971 चा, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा तोच आहे. जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार गुपचूप बीजिंगला जाऊन आले. 15 जुलैला निक्सन यांच्या भेटीची घोषणा झाली. तिरानाशी आधी सल्लामसलत झाली नव्हती. 6 ऑगस्टला होजांनी माओंना लांबलचक पत्र लिहिलं: ही भेट चूक आहे आणि आम्हाला ती मान्य नाही. पत्राला उत्तर आलं नाही.

उत्तराविना दिवस जात असतानाच न्यूयॉर्कमध्ये अल्बेनियाचे प्रतिनिधी, अल्जीरिया आणि इतर 21 देशांसह, चीनसाठी ठराव मांडत होते. 25 ऑक्टोबरला आधी विषय 'महत्त्वाचा' ठरवण्याचा अमेरिकी प्रस्ताव 59 विरुद्ध 55 मतांनी पडला. मग मूळ ठराव 76 विरुद्ध 35 मतांनी मंजूर झाला, 17 देश तटस्थ राहिले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिरानात पक्षाचं सहावं अधिवेशन भरलं आणि चीनचं शिष्टमंडळ आलं नाही. त्याच महिन्याच्या मध्यावर चिनी शिष्टमंडळ संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात आपल्या जागेवर जाऊन बसलं.

चीनला अल्बेनियाची जी सर्वांत मोठी गरज होती ती त्या दिवशी पूर्ण झाली, आणि ती अल्बेनियाच्या हातूनच पूर्ण झाली. मैत्रीचा पाया दोघांच्या एकटेपणात होता. एकाचा एकटेपणा संपला तेव्हा दुसऱ्याने घट्ट धरलेला हात नुसताच जड झाला. तिरानात हे ओळखलं गेलं नाही असं नाही. होजांचं पत्र वाचताना ते ओळखल्याची वेदना जाणवते. पण ओळखून त्यांनी उपदेश केला, सौदा केला नाही. ठराव मंजूर होण्याआधीच्या दोन-अडीच महिन्यांत अल्बेनियाच्या हाती शेवटचं वजन होतं. सुरू असलेल्या प्रकल्पांची यादी, पूर्ण होण्याच्या तारखा आणि सुट्या भागांची लेखी हमी तेव्हा मागता आली असती.

तिसरा क्षण 1974 ते 1976 चा. मदत आटत चालली होती. 1975 मध्ये मागितलेल्या रकमेपेक्षा खूपच कमी कर्ज मिळालं. या काळात तिरानाने बाहेरची दारं उघडण्याऐवजी आतले लोक कमी केले. संरक्षणमंत्र्यांना 1974 मध्ये पदावरून काढलं आणि 1975 मध्ये मृत्युदंड दिला. बीजिंगमध्ये चौ एन-लाय यांचा खरा सल्ला ज्याच्या कानावर पडला होता, तोच माणूस नाहीसा केला गेला. सप्टेंबर 1976 मध्ये माओ वारले. डिसेंबरात अल्बेनियाने नवी राज्यघटना केली. तिच्या 28 व्या कलमाने भांडवलशाही आणि 'सुधारणावादी' (म्हणजे तिरानाच्या मते खऱ्या मार्क्सवादापासून ढळलेल्या) देशांकडून कर्ज घेणं आणि त्यांच्याशी संयुक्त कंपन्या काढणं बेकायदा ठरलं. धोरण चुकलं तर बदलता येतं. इथे चुकीला घटनेचंच कुलूप लावलं गेलं.

परिणाम

जुलै 1977 मध्ये अल्बेनियाच्या पक्षाच्या मुखपत्राने महासत्ता, विकसित देश आणि विकसनशील देश अशी जगाची विभागणी करणाऱ्या चीनच्या तीन जगांच्या सिद्धांतावर नाव न घेता हल्ला केला. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस टिटो बीजिंगला गेले आणि त्यांचं जंगी स्वागत झालं. 7 जुलै 1978 रोजी चीनने सगळी मदत थांबवल्याचं कळवलं. पाचशेहून अधिक तज्ज्ञ परत गेले. 29 जुलैला तिरानाने उघड पत्र लिहून सतरा वर्षांचा हिशेब चव्हाट्यावर मांडला.

राजनैतिक संबंध मात्र तुटले नाहीत आणि दोन्ही दूतावास सुरू राहिले. 1961 च्या फुटीपेक्षा हा मोठा फरक होता. 1983 मध्ये थोडा व्यापारही पुन्हा सुरू झाला. अपुरी राहिलेली काही कामं अल्बेनियाच्या अभियंत्यांनी स्वतः तडीस नेली. फिएर्झाचं वीजकेंद्र त्यांतलं. या माणसांचं कर्तृत्व राजकारणाच्या धुरळ्यात दिसेनासं होतं. पण चिनी यंत्रांचे सुटे भाग मिळेनात आणि कर्ज घटनेनेच बंद केलेलं. परकी चलनासाठी क्रोमचं खनिज विकायचं आणि त्यातून भागवायचं, असं चाललं. दुसरीकडे सिमेंट आणि पोलाद देशभर बांधलेल्या 1,70,000 हून अधिक काँक्रीटच्या बंकरांत गेलं. 1985 मध्ये होजा वारले. 1991 मध्ये लोक बोटींत दाटीवाटीने बसून इटलीकडे पळत होते आणि इटलीचे सैनिक अल्बेनियात धान्य वाटत होते.

काय वेगळं करता आलं असतं

चीनकडून सुरुवात करतो, कारण जबाबदारी बलवानावर जास्त असते. निक्सन यांच्या भेटीची बातमी घोषणेच्या आधी एखाद्या विश्वासू दूतामार्फत तिरानाला सांगता आली असती. होजा चिडलेच असते. पण 6 ऑगस्टच्या पत्राला उत्तर देणं कठीण नव्हतं. 'आमचं धोरण बदलतंय, तुमचे प्रकल्प अमुक वर्षापर्यंत पूर्ण करून देऊ, त्यापुढे नाही' एवढं लिहिलं असतं तरी अल्बेनियाला मोजून पावलं टाकता आली असती. त्याऐवजी सात वर्षं मदत थोडी थोडी कमी होत गेली आणि त्या प्रत्येक कपातीचा अर्थ लावण्यात तिरानातले लोक एकमेकांवर संशय घेत राहिले. राजदूताच्या अहवालानंतर मदतीला हिशेब जोडला असता, तर चिनी शेतकऱ्याच्या घामाचंही चीज झालं असतं.

अल्बेनियाच्या बाबतीत रुमानियाचं उदाहरण दिलं जातं. तो देश वॉर्सा करारात राहिला, मॉस्कोशी मतभेद ठेवले, चीनशी मैत्री केली, अमेरिका आणि चीन यांच्यातले निरोपही पोचवले. मला ही तुलना पूर्ण पटत नाही. 1961 मध्ये अल्बेनियाला मधे राहण्याची मुभा कोणी दिली नव्हती. त्याहून जवळची तुलना त्याच ठरावावर सही करणाऱ्या दुसऱ्या देशाशी होते.

अल्जीरियाही वसाहतवादाविरुद्ध लढून उभा राहिलेला आणि चीनचा जुना मित्र होता. ठरावाच्या मसुद्यावर त्याचं नाव अल्बेनियाच्या शेजारीच होतं. निक्सन बीजिंगला गेले तेव्हा अल्जीरियाचं काही बिघडलं नाही. त्याची शस्त्रं मॉस्कोकडून येत होती, तेल आणि वायू पश्चिमेकडे विकला जात होता, आणि 1973 च्या सप्टेंबरात अलिप्ततावादी देशांची शिखर परिषद त्याच्या राजधानीत भरली. चीनची मैत्री ही त्याच्या अनेक नात्यांपैकी एक होती. होजांच्या हाती 1968 ते 1976 ही आठ वर्षं होती. क्रोम होतं, इटली आणि फ्रान्समध्ये दूतावास होते, ग्रीस आणि युगोस्लाव्हियाशी नुकतीच बोलणी सुरू झाली होती, आणि चीनसाठी मांडलेल्या ठरावातून मिळालेले 22 सहप्रायोजक देश होते. त्या बावीस देशांपैकी निम्म्यांशी जरी व्यापाराचे करार झाले असते, तरी 7 जुलै 1978 ची सूचना तिरानाला फक्त वाईट बातमी वाटली असती.